गॅरेजमधला फुटबॉल क्लब

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते गोलच्या मागे उभ्या असताना. हर्नडनमध्ये आमच्या अपार्टमेंटच्या पलीकडे काउंटीचं एक पार्क होतं. तिथं शनिवारी सकाळी लहान मुलींच्या सॉकरच्या मॅचेस व्हायच्या. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. २००१ च्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही व्हर्जिनियात आलो होतो. त्याचा वर्क व्हिसा आणि माझा डिपेंडंट, त्यामुळे मला नोकरी करायची परवानगी नव्हती. कोल्हापुरात मी हायस्कूलला गणित शिकवायचे. इथं मी मुलीला शाळेत सोडायचे, आणायचे आणि शनिवारी घडीच्या खुर्चीवर बसून तिची मॅच बघायचे.

बाकीचे आईबाप कडेच्या रेषेला रांगेत बसलेले असत, हातात कॉफी घेऊन. बाई तेवढ्या एकट्या पलीकडे. सत्तरी ओलांडलेली, उंच, आखूड पांढरे केस, गुडघ्यापर्यंत येणारा रेनकोट आणि पायात चामड्याचे साधे बूट. त्यांची नात वगैरे कुणी टीममध्ये नव्हती. शेजारच्या टाउनहाउसच्या रांगेत त्या राहत आणि फिरायला म्हणून बाहेर पडल्या की इथं येऊन थांबत.

त्या दिवशी एक चेंडू गोलच्या बाजूनं बाहेर गेला आणि सरळ त्यांच्याकडे आला. त्यांनी तळव्याखाली तो दाबला, अर्धं पाऊल मागे गेल्या आणि डाव्या पायानं मारला. चेंडू गवताला घासत मधल्या वर्तुळापर्यंत गेला आणि रेफ्रीच्या पायाशी थांबला. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे आपापल्या मुलींकडे बघत होते.

माझं लक्ष गेलं, कारण मी कोल्हापूरची. आमच्या पेठेच्या तालमीची फुटबॉल टीम होती आणि आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तिच्यात बचावाला, स्टॉपर खेळलेले. फुटबॉलच्या सीझनमध्ये घरात दुसरा विषय नसायचा. बायका मैदानावर जात नसत. मॅच सुटल्यावर गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजली की आम्ही जिंकलो, नाही वाजली की हरलो, एवढं आम्हाला घरात कळायचं. मी चुलतभावांबरोबर गल्लीत खेळले ते साधारण सातवीपर्यंत. मग आईनं बंद केलं, आणि आबा काही बोलले नाहीत. पण खेळलेला माणूस आणि न खेळलेला माणूस चेंडू कसा थांबवतो, हे मला लहानपणापासून ओळखता येत होतं.

मॅच संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, तुम्ही फुटबॉल खेळलात ना? त्यांनी विचारलं, कशावरून? मी म्हटलं, चेंडू थांबवताना तुम्ही खाली बघितलं नाही.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी सलवार-कमीजवर स्वेटर घातलेला. मग त्या म्हणाल्या, "मी या देशात आले तेव्हा तू जन्मलीही नसशील. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही."

मी त्यांना पहिल्यापासून मनात 'बाई' म्हणायला लागले. आमच्याकडे शिकवणारीला बाईच म्हणतात. तोंडावर नाव घ्यायची माझी जीभ कधी वळली नाही, त्यामुळे पुढे तोंडावरही बाईच झालं. त्यांना तो शब्द आवडला.

त्यांची हकीकत मला तुकड्यातुकड्यानं कळली, बहुतेक पार्कमधून घरी परत चालताना. त्या उत्तर इंग्लंडमधल्या एका कापडगिरणीच्या गावच्या. शाळा सुटल्यावर लगेच मागावर कामाला लागल्या. मी इचलकरंजी पाहिलेली, त्यामुळे मागखात्यात किती आवाज असतो हे त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही. त्या आवाजात बोललेलं ऐकूच येत नाही, म्हणून तिथल्या बायका ओठांवरून बोलायच्या. आवाज न काढता तोंड मोठं करून शब्द म्हणायचा आणि खात्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाईनं तो वाचायचा. ही सवय बाईंना आयुष्यभर राहिली. बोलताना त्यांचे ओठ जरा जास्तच हलत.

गिरणीतल्या आणि आसपासच्या मुलींची एक फुटबॉल टीम होती. बाई त्यात आउटसाइड लेफ्ट, म्हणजे आमच्या भाषेत लेफ्ट आउट, डाव्या कडेनं चढाई करणारी. तो लढाई संपल्यानंतरचा काळ. हॉस्पिटलसाठी, अनाथाश्रमासाठी मदत म्हणून मॅचेस व्हायच्या आणि बघायला भरपूर लोक यायचे. पण खरं फुटबॉलचं मैदान त्यांना मिळायचं नाही. बाई जन्मायच्या आधीपासूनच तिकडच्या फुटबॉलच्या संघटनेनं बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातलेली होती. हा खेळ बायकांच्या प्रकृतीला झेपत नाही, असं कारण होतं. त्यामुळे त्या रग्बीच्या मैदानावर खेळल्या, शेतात खेळल्या, एकदा कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर खेळल्या. मॅचमध्ये ओठांवरून बोलायच्या, ते समोरच्या टीमला कळायचं नाही. हे सांगताना बाई मनापासून हसल्या.

मग तिथल्या तळावरचा एक अमेरिकन हवाई दलाचा माणूस त्यांना भेटला. लग्न झालं, त्या इकडे आल्या. नवऱ्याला पुढे इथल्या विमानतळावर नोकरी मिळाली. एक मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि बंदी उठल्याची बातमी बाईंना बहिणीकडून फोनवर कळली तेव्हा ती मुलगी कॉलेजात होती. इथं आल्यावर त्या कधी खेळल्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "कुणाबरोबर खेळणार?"

मंगळवारी संध्याकाळी मुलींची प्रॅक्टिस असे. त्यांना शिकवणारे एका मुलीचे वडील होते, सज्जन माणूस, पण स्वतः कधी खेळलेले नव्हते. आम्ही आया बाकावर बसायचो. एका मंगळवारी बाई पिशवीत चेंडू घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, तू बसून काय करतेस, ऊठ. मी उठले. पायात चालायचे बूट, अंगात कुर्ता. आम्ही दोघी मैदानाच्या कोपऱ्यात एकमेकींना पास देत राहिलो. माझा पाय पहिल्यांदा चेंडूला लागला तेव्हा आवाज चुकीचा आला. चवड्यानं मारला होता मी. बाईंनी नुसतं बोटानं पायाची आतली बाजू दाखवली. दुसऱ्या वेळी आवाज बरोबर आला. गल्लीत खेळायचे तेव्हाचा.

मला बघून पुण्याची एक मैत्रीण हसली. ती एका कंपनीत टेस्टर होती, स्वतःच्या व्हिसावर आलेली, आणि तिची मुलगी माझ्या मुलीच्याच टीममध्ये होती. म्हणाली, अगं, तू काय करतेयस यार, लोक बघतायत. दोन आठवड्यांनी तीच स्पोर्ट्स शूज घालून आली. मग एक नर्स आली, अमेरिकन, अंगानं दणकट, तिला पळायचा कंटाळा होता म्हणून ती गोलमध्ये उभी राहिली. आणि एक एल साल्वादोरची बाई आली, जी गावातल्या एका बेकरीत पहाटेच्या पाळीला कामाला होती. ती भावांबरोबर खेळून मोठी झालेली. तिला इंग्लिश थोडकंच यायचं, मला स्पॅनिश अजिबात नाही, पण आमच्या सगळ्यांत खरी खेळाडू तीच होती हे पहिल्या पाच मिनिटांत दिसलं. बाई तिच्याशी ओठ मोठे करून बोलायच्या आणि तिला समजायचं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो नागपूरचा, त्याचं सगळं प्रेम क्रिकेटवर. तो म्हणाला, "खेळ तू. पण पाय मोडला तर मला पोळ्या येत नाहीत, एवढं लक्षात ठेव." त्याचा विरोध एवढाच. पुढे तो पोळ्या शिकला, पण माझा पाय कधी मोडला नाही.

हे सगळं २००२ च्या उन्हाळ्यात मजेमजेत चाललं होतं. टीम म्हणावी असं त्यात काही नव्हतं. कधी चारजणी यायच्या, कधी आठ. मग ऑक्टोबर आला.

त्या ऑक्टोबरमध्ये आमच्या भागात कुणीतरी लपून लोकांवर गोळ्या झाडत होतं. दुकानाच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल भरताना, कुठंही. कोण ते माहीत नाही, पुढची गोळी कुठं ते माहीत नाही. पेट्रोल भरायला गेलं की लोक गाडीच्या आडोशाला वाकून उभे राहत. शाळांनी मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर सोडणं बंद केलं. सगळे मैदानी खेळ कॅन्सल केले. मुलीला शाळेच्या दारातून गाडीत बसवेपर्यंत मी तिच्या आणि रस्त्याच्या मधे चालायचे. कोल्हापूरहून आबांचा रोज फोन यायचा आणि मी रोज सांगायचे की ते आमच्यापासून लांब आहे. ते लांब नव्हतं.

एके दिवशी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, माझी गाडी मी रस्त्यावर लावली आहे, गॅरेज रिकामं आहे, दार बंद होतं, मुलींना पण घेऊन या.

गॅरेज एका गाडीचं होतं. सिमेंटची फरशी, एका भिंतीला कपाट, दुसरी भिंत मोकळी. आम्ही सहाजणी मावलो. मुली वर दिवाणखान्यात टीव्ही बघत बसायच्या. बाईंनी शिकवायला सुरुवात केली ती चेंडू भिंतीवर मारायचा आणि परत आलेला थांबवायचा, एवढ्यावरच. दोनच स्पर्श. एकानं थांबवायचा, दुसऱ्यानं मारायचा. तिसरा स्पर्श झाला की रांगेत मागे. जागा इतकी कमी की चेंडू नीट थांबला नाही तर कुणाच्या तरी नडगीवर बसायचा. पुण्याची मैत्रीण म्हणाली, युद्ध चालू असल्यासारखं आपण लपून खेळतोय. बाई म्हणाल्या, युद्धात त्या खरंच अशाच खेळल्या होत्या, लहान असताना, घरामागच्या बोळात, खिडक्यांना काळे कागद लावलेले असताना.

ते दिवस आठवले की मला भीती आठवते तसं ते गॅरेजही आठवतं. चेंडूचा आवाज भिंतींवर घुमायचा. बोललेलं ऐकू यायचं नाही. मग बाई ओठांवरून बोलायच्या. 'मागे', 'आत', 'सोड', 'थांब' असे चारपाच शब्द आम्हाला ओठांवरून वाचायला शिकवले. आम्ही कामाला जाणाऱ्या, घरी बसणाऱ्या, वेगवेगळ्या देशांतल्या बायका, आणि त्या काही आठवड्यांत आम्ही एकमेकींकडे इतक्या नीट बघायला शिकलो की पुढे मैदानावर गेल्यावर त्याचा फार उपयोग झाला. गोळ्या झाडणारे पकडले गेले, लोक पुन्हा सरळ उभं राहून पेट्रोल भरायला लागले, तोवर आमची टीम झाली होती.

त्याच गॅरेजमध्ये बाईंच्या मुलीची आणि आमची पहिली भेट झाली. ती पन्नाशीच्या अलीकडची, वकिलांच्या ऑफिसात काम करणारी, अर्ध्या तासाच्या अंतरावर राहायची. त्या दिवसांत आई एकटी आहे म्हणून काळजीनं न सांगता आली, तर दाराआड धडधड आवाज. तिनं दार उघडलं. आत घामाघूम बायका आणि मधे तिची आई, कॅनव्हासचे बूट घालून, चेंडूवर पाय ठेवून उभी.

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आई गिरणीत होती हे माहीत होतं, फुटबॉल खेळायची हे नाही. लहानपणी आईच्या ओठ हलवून बोलण्याची तिला मैत्रिणींसमोर लाज वाटायची, असं तिनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी ती आमच्याशी सभ्यपणे बोलली, पण निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली की आईचा खुबा दुखतो, हाडं ठिसूळ आहेत, तुम्ही तिला उत्तेजन देऊ नका. मी हो म्हटलं. बाईंना जाऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, ठीक आहे, पुढच्या गुरुवारी या.

पुढच्या वसंतात आम्ही क्लब काढला. काढला म्हणजे काढावा लागला. काउंटीचं मैदान नोंदणी केलेल्या क्लबलाच मिळायचं आणि तिशीच्या वरच्या बायकांची एक लीग होती, तिथंही क्लबच हवा होता. अध्यक्ष बाई. पुण्याच्या मैत्रिणीनं सगळी कागदपत्रं केली, तिला त्यातलं कळायचं. नावावरून बरीच चर्चा झाली. आम्हाला बाईंचं नाव द्यायचं होतं. त्या म्हणाल्या, मी अजून जिवंत आहे. मग गावातल्या ओढ्याचं नाव दिलं.

मैदान मिळालं ते कुणालाच नको असलेलं, विजेच्या तारांखालचं. एका बाजूला उतार आणि शेजारी तळं. तळ्यातले हंस सकाळी मैदानावर चरायला यायचे आणि घाण करून जायचे. मॅचच्या आधी अर्धा तास फावडी घेऊन गवत साफ करायचं, हा आमचा वॉर्मअप. बाई सगळ्यांत आधी यायच्या आणि त्यांच्या हातातही फावडं असायचं.

पहिली मॅच आम्ही सहा शून्यनं हरलो. समोरच्या बायका कॉलेजात खेळलेल्या, धिप्पाड. दुसऱ्या हाफमध्ये मला धाप लागून डोळ्यांपुढे अंधारी आली. संपल्यावर बाईंनी भाषण वगैरे काही केलं नाही. नर्सला सांगितलं की गोलमधून दोन पावलं पुढे राहा, आणि मला सांगितलं की पळतेस फार, बघतेस कमी.

त्या रात्री, म्हणजे कोल्हापूरच्या सकाळी, मी आबांना फोन केला. मी खेळते हे त्यांना तोवर सांगितलंच नव्हतं. आधी बाईंबद्दल सांगितलं, मग क्लबबद्दल, मग मॅचबद्दल. ते म्हणाले, "बूट मापाचे घे. वाढते घेऊ नकोस. आत पाय सरकला की नख जातं." आणि मग बाईंबद्दल विचारत राहिले, डावखुऱ्या आहेत का, चेंडू आतून काढतात की बाहेरून, पिवळ्या गवतावर खेळल्या आहेत की नेहमी चिखलातच. पुढे दर फोनला ते बाईंची चौकशी करायचे. मला सातवीत का थांबवलं यावर आम्ही त्या दिवशी बोललो नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या वर्षी, २००४ च्या वसंतात, जी मॅच झाली ती क्लबात आजही सांगतात. रविवार सकाळ होती, आभाळ भरून आलेलं. शाळेत पोटाच्या विकाराची साथ होती, घरोघरी मुलं उलट्या करत होती आणि आया घरी अडकल्या होत्या. मैदानावर आम्ही सहाजणी पोचलो. बेकरीतली मैत्रीण पाळी संपवून निघाली होती, पण तिला वेळ लागणार होता. मॅच सुरू करायला कमीत कमी सात लागतात. सात नसतील तर समोरची टीम जिंकली, असा नियम. त्यांची कॅप्टन चांगली होती, थांबू या म्हणाली, पण आमच्यामागून दुसऱ्या मॅचला मैदान दिलेलं होतं. रेफ्री घड्याळ बघत होता.

बाई कडेला उभ्या होत्या. त्यांच्याकडेही लीगचं खेळाडूचं कार्ड होतं. अध्यक्ष म्हणून त्यांनी टीमच्या यादीत स्वतःचं नाव पहिल्या दिवशीच घातलं होतं आणि आम्हाला ती गंमत वाटली होती. त्यांनी पर्समधून कार्ड काढून रेफ्रीच्या हातात दिलं. त्यानं जन्मतारीख वाचली, बाईंकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे बघितलं. म्हणाला, नियमात वयाची वरची मर्यादा नाही.

बाईंना तोवर ड्राइव्ह करायला जमेनासं झालं होतं, म्हणून त्यांची मुलगीच त्यांना सोडायला यायची आणि मॅचभर गाडीत बसून काहीतरी वाचायची. तिनं बाईंना कोटाची बटणं काढताना बघितलं आणि ती गाडीतून उतरून जवळजवळ पळतच आली. आई, तू हे करणार नाहीस, म्हणाली. खुब्याचं म्हणाली, डॉक्टरचं म्हणाली. आम्हालाही बोलली. मी बाईंना म्हटलं की आपण मॅच सोडून देऊ, एका मॅचनं काही होत नाही.

बाईंनी कोट काढला, त्याची घडी घातली आणि तो मुलीपुढे धरला.

"मी अठरा वर्षांची होते तेव्हा कधी न पाहिलेल्या माणसांनी सांगितलं होतं की माझ्या तब्येतीला हे झेपणार नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी त्यांचं ऐकलं नाही. आता तुझं ऐकणार नाही. हा कोट धर."

मुलीनं कोट धरला. दुसरं काय करावं हे तिला सुचलं नाही असं मला वाटलं.

जर्सी बाईंनी स्वेटरवरूनच घातली. नडगीची पॅडं नव्हती, ती माझ्या मुलीची घेतली. आणि त्या डाव्या कडेच्या रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या.

सात विरुद्ध अकरा. आम्ही नुसता चेंडू बाहेर घालवत होतो. समोरच्या बायकांनी खेळ सैल केला नाही, पण बाईंच्या अंगावर कुणी गेलं नाही. बाई पळत नव्हत्या. रेषेवर चार पावलं पुढे, चार पावलं मागे, आणि सतत बघत होत्या. पहिल्यांदा चेंडू आला तो त्यांनी थांबवून गोलकीपरला परत दिला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी मधे होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचे ओठ हलले. 'आत.' आवाज नव्हता. मी आत वळून पळाले. चेंडू दोन बायकांच्या मधून तिरका आला आणि मी जिथं पोचणार होते तिथं माझ्या आधी क्षणभर पोचला. समोर फक्त गोलकीपर. मी मारला आणि बारच्या वरून गेला, तळ्याच्या दिशेनं.

थोड्या वेळानं बेकरीतली मैत्रीण धावत आली, केसांना पीठ तसंच. बाई बाहेर आल्या, त्यांनी पॅडं माझ्या मुलीला परत दिली आणि कोट घातला. आम्ही तीन शून्यनं हरलो. गाडीत बसण्याआधी बाई मला म्हणाल्या, "मारताना अंग मागे गेलं तुझं. चेंडूच्या वर यायला हवं होतं." मी ती संधी अजून मनातल्या मनात मारते आणि अजून वरूनच जाते.

पुढच्या रविवारी त्यांच्या मुलीनं वाचायला काही आणलं नाही. घडीची खुर्ची आणली आणि आईच्या शेजारी बसली. ती काहीतरी विचारत होती आणि बाई हातवारे करून मैदान दाखवत होत्या. मी लांब होते, ऐकू आलं नाही.

बाई गेल्या २००६ च्या हिवाळ्यात, झोपेत. खुब्याचा किंवा खेळाचा काही संबंध नव्हता. शेवटचे काही महिने त्या मैदानावर फार येत नसत, पण मॅचनंतर फोन केला नाही तर त्यांना राग यायचा. त्यांच्या मुलीनं मला सकाळी फोन करून सांगितलं आणि विचारलं की टीमला तूच कळवशील का. मी सगळ्यांना फोन केले. बेकरीतल्या मैत्रिणीला फोनवर समजेना, मग मी बेकरीत गेले. तिनं काउंटरवरचं काम टाकलं आणि मला धरून रडली. मी तोवर रडले नव्हते.

चर्चमध्ये आम्ही मागच्या दोन रांगांत बसलो होतो. पाद्री चांगलं बोलले. बाई उत्तम गृहिणी होत्या, शेजाऱ्यांना केक द्यायच्या, विमानतळावरच्या लोकांच्या मुलांना सांभाळायच्या. हे सगळं खरंच होतं. मग त्यांची मुलगी उठली. तिच्या हातात कागद नव्हता. म्हणाली, "माझी आई फुटबॉलर होती." एकदोघं हसले, त्यांना ती काहीतरी विनोद सांगणार असं वाटलं. मग तिनं गिरणीचं सांगितलं, टीमचं सांगितलं, मैदानाच्या बंदीचं सांगितलं, कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानाचं सांगितलं. आउटसाइड लेफ्ट कुठं उभा राहतो हे हातानं दाखवलं. तिनं इतकं तपशिलात सांगितलं की त्यातलं बरंचसं मलाही नवीन होतं. त्या दोन वर्षांत, खुर्च्यांवर बसून, मायलेकी बरंच बोलल्या असाव्यात.

आबांना कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं की तुम्ही त्यांच्यासाठी मैदानावर काही केलं का. मी म्हटलं, पुढच्या मॅचला दोन मिनिटं उभ्या राहिलो. ते म्हणाले, बरं केलंत. आमच्या तालमीतही असंच करतात.

त्यानंतर क्लब मोठा झाला. लहान मुलींची एक टीम निघाली, ती मी बघायला लागले. आमचं ग्रीन कार्डाचं काम पुढे सरकलं तेव्हा मला नोकरीची परवानगी मिळाली आणि एका शाळेत गणित शिकवायला लागले. माझी मुलगी मोठी होत होती आणि तिला फुटबॉलमध्ये रस उरला नाही. तिनं पोहणं धरलं. मला वाईट वाटलं, तर ती म्हणाली, "आई, दॅट्स युअर थिंग." तिचं बरोबर होतं.

२००८ मध्ये नवऱ्याला ह्यूस्टनकडे नोकरी मिळाली आणि आम्ही शुगर लँडला जायचं ठरवलं. शेवटच्या प्रॅक्टिसला मी क्लबच्या चाव्या, जाळ्या आणि चेंडूंची पोती पुण्याच्या मैत्रिणीच्या गाडीत टाकली. ती आता अध्यक्ष होती. त्याच दिवशी नव्या जर्सीच्या रंगावरून क्लबात जोरदार भांडण झालं, इतकं की मला निरोप द्यायचं अर्ध्याजणी विसरल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. आपण निघून जातोय आणि लोक भांडतायत म्हणजे गाडं नीट चाललंय, असंच वाटलं. बाईंची मुलगी तिथं होती. ती क्लबची खजिनदार झाली होती आणि निळा रंगच ठेवायचा या बाजूची होती.

शुगर लँडला उन्हाळ्यात संध्याकाळी सातलाही घराबाहेर पडलं की अंग चिकट होतं. सगळीकडे गाडीनंच जायचं, सगळं लांब. सामान लावून झाल्यावर एका रविवारी मी मैदान शोधायला निघाले. मनाशी तयारी ठेवली होती की पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागेल, बायका जमवा, काउंटीत खेटे घाला, गवत साफ करा. तर तिथं बायकांचा क्लब आधीपासूनच होता. डाव्या बाजूला बॅक हवी आहे, म्हणाल्या. मी नाव घातलं आणि त्याच दिवशी खेळले.